डावीकडे गाणाऱ्या तिघी

हेडफोन बिघडला, असं मेघाश्रीला वाटलं.

मंगळवारची सकाळ होती. ऑफिसचा पहिला कॉल सुरू व्हायला वेळ होता, म्हणून जयनगरच्या घरात खिडकीपाशी बसून ती घानातल्या एका बँडचा नवा अल्बम ऐकत होती. बँडचं नाव ‘क्वेकू अँड द लॉरी पार्क’, अल्बमचं ‘सेकंड गिअर’. आदल्या दिवशी ऐकला तेव्हा डाव्या कानात एक गिटार सारखी टिकटिकत होती, उजव्या कानात दुसरी तिला उलट बोलत होती आणि दोघींच्या मधून ट्रम्पेट वाट काढत होता. आज डावीकडची गिटार गायब होती. तिने वायर हलवली. पिन काढून पुन्हा खोचली. मग हेडफोनच उलटा करून डोक्यावर चढवला. हरवलेली गिटार लगेच उजव्या कानात वाजू लागली, आणि मघाची उजवीकडची गेली.

हेडफोन शाबूत होता.

तिने डाव्या कानाजवळ बोटं चोळली. चुटकी वाजवली. काही नाही. दूर कुठेतरी कुकरची शिट्टी अडकून राहावी तसा एक बारीक आवाज मात्र कानाच्या आत सुरू होता.

“आप्पाजी,” तिने हाक मारली, “जरा इकडे या. माझ्या डाव्या बाजूला उभे राहा आणि काहीतरी बोला.”

तिचे वडील हातातला शिवायचा ब्लाउज तसाच घेऊन आले. तिने उजव्या कानात बोट घातलं. ते काय बोलले ते तिला कळलं नाही. ती बेंगळुरूच्या रहदारीला आयुष्यात पहिल्यांदा घाबरली ती त्या सकाळी, रिक्षातून कानाच्या डॉक्टरांकडे जाताना. कारण हॉर्न कुठून वाजतोय तेच समजत नव्हतं.

डॉक्टरबाईंनी तपासलं, बंद खोलीत बसवून यंत्रावर ऐकण्याची चाचणी घेतली. “लवकर आलात हे बरं केलंत,” त्या म्हणाल्या. “असं अचानक होतं कधीकधी. कारण सापडतंच असं नाही. गोळ्या देते, कानाच्या पडद्यातून इंजेक्शनंही द्यावी लागतील. काही जणांचं ऐकू येणं परत येतं, काहींचं थोडं येतं, काहींचं येत नाही.”

“मी गाणी ऐकली तर चालेल?”

“ऐका. मोठ्याने नको.”

महेंद्रकरांचं घराणं कापडाच्या आणि शिवणाच्या व्यवसायामुळे कित्येक पिढ्यांपूर्वी या शहरात आलेलं. आप्पाजींचं जयनगर चौथ्या ब्लॉकात शिवणाचं दुकान होतं. वय झाल्यावर ते बंद करून त्यांनी कापायचं मोठं सागवानी टेबल घराच्या पुढच्या खोलीत आणून ठेवलं आणि ओळखीच्या बायकांचं काम तेवढं चालू ठेवलं. घरात मराठी, पण तिच्यात कानडी इतकी मुरलेली, की पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना ती ऐकून आधी हसूच यायचं. मेघाश्री विमा कंपनीत नोकरी करायची, आणि महिन्यातून एकदा ‘नवी थाप’ नावाचा कार्यक्रम करायची. सोल, रेगे आणि आफ्रो-फंक या परदेशी संगीताच्या तीन घरांतले नवे अल्बम, त्यातले ऐकण्यासारखे कोणते आणि का, हे ती मराठीतून सांगायची. इंटरनेटवर तो कुणीही ऐकू शके. कॉलेजात असताना एका मैत्रिणीच्या खोलीत तिने रेगेचा बास, तो खालचा घुमणारा सूर, पहिल्यांदा ऐकला होता, आणि गाणं पोटाने ऐकता येतं हे तिला त्या दिवशी कळलं होतं. तेव्हापासून हे वेड. सुरुवातीला लोक तिच्या ‘स्वल्प थांबा, आता बास येईल’ या कानडी वळणाच्या वाक्याची थट्टा करायचे. पुढे पुढे तेच वाक्य ऐकायला यायला लागले.

कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण शंतनु करायचा. तो मूळचा नागपूरचा, इलेक्ट्रॉनिक सिटीत सॉफ्टवेअरच्या नोकरीला. तिथल्या भाड्याच्या फ्लॅटमधली एक खोली त्याने भिंतींना गाद्या लावून आवाजबंद केली होती. इंजेक्शनांचा पहिला आठवडा संपल्यावर मेघाश्री तिथे पोचली तेव्हा तो दारातच म्हणाला, “अगं, कशाला आलीस? या महिन्यात ब्रेक घे ना. आपल्या कार्यक्रमासाठी सिद्धी कधीची विचारत होती, ती करेल एपिसोड.”

“सिद्धीला पुढे केव्हातरी बोलावू. हा महिना माझा आहे. माइक लाव.”

तिने रेगेपासून सुरुवात केली. किंग्स्टनचा एक म्हातारा गायक, ‘ब्रदर लाइमस्टोन’ या नावाने गाणारा. त्याचा बऱ्याच वर्षांनी आलेला अल्बम ‘डस्ट ऑन द गेट’. शेवटच्या गाण्याबद्दल ती मन लावून बोलली. “इथे त्याने स्वतःला अगदी एकटं सोडलंय. मागे कुणी नाही. सत्तरीचा माणूस, एक बास आणि रिकामं अंगण. इतकं एकटं गाणं मी या वर्षात ऐकलेलं नाही.”

शंतनुने मुद्रण थांबवलं. त्याच्या कानांवर हेडफोन होते आणि तिच्या बोलण्याखाली तेच गाणं चालू होतं. त्याने गाणं मागे नेऊन पुन्हा ऐकलं.

“काय झालं?”

“मेघा, मागे तिघी गातायत.”

“कुठे?”

“डावीकडे. सगळं गाणंभर.”

खोलीतला पंखा बंद होता. गाद्यांमुळे बाहेरचं काहीच आत येत नव्हतं. मेघाश्रीला आपले कान तापल्यासारखे वाटले, दोन्ही. अंगण रिकामं नव्हतंच. तिथे तीन बायका उभ्या होत्या, आणि ती हजारो लोकांना सांगायला निघाली होती की कुणीच नाही.

“कशा गातायत?” तिने विचारलं.

“छान गातायत.”

“छान म्हणजे कशा?”

“म्हणजे… छान. बॅकिंग असतं तसं. स्मूद.”

ती उठली. पर्स उचलली. शंतनु घाबरला. “अगं, तुला हर्ट करायचं नव्हतं मला.”

“हर्ट नाही झाले. ‘छान’ एवढंच सांगायचं असेल तर कार्यक्रम हवा कशाला? ते मुद्रण पुसून टाक. मी पुन्हा येते.”

त्या तिघींनी तिला बसमध्ये सोडलं नाही, घरी सोडलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ती कामाला लागली. फोनच्या सेटिंगमध्ये तिला ‘मोनो ऑडिओ’ नावाचं एक बटण सापडलं. ते दाबलं की डावं आणि उजवं एक होतं आणि एकाच कानात सगळं येतं. तिने दाबलं. तिघी आल्या. दाटीवाटीने आल्या, म्हाताऱ्याच्या खांद्यावर पाय ठेवून आल्यासारख्या, पण आल्या. आता कोण वाजतंय ते कळत होतं. कुठे, ते कळत नव्हतं.

मग तिने दोन स्पीकर काढले आणि आप्पाजींच्या टेबलाच्या दोन टोकांना ठेवले. डावा तळहात टेबलावर पसरला. बास लाकडातून सरळ हातात आला. तो कानापेक्षा खरा वाटला.

“आप्पाजी, तुम्ही इथे डावीकडे बसा.”

“मी काय करू?”

“या बाजूने काय येतंय ते सांगा.”

“मला त्यातलं काय कळतंय मेघा? मला भजन कळतं.”

“कळायला नको. कानावर आलं की सांगा.”

आप्पाजी नाइलाजाने बसले. डोळे मिटले. “एक बाई आहे,” ते म्हणाले. “नव्हे, दोघी. स्वल्प थांब. तिसरी पण आहे, ती मागाहून येते. तो म्हातारा शब्द टाकतो, या दोघी उचलतात, आणि तिसरी तो शब्द खाली ठेवते. आपल्याकडे गौरीला बायका म्हणायच्या बघ, तसं.”

मेघाश्रीने त्यांच्याकडे बघितलं. आयुष्यभर ते तिच्या संगीताला ‘तुझा तो धडधडाट’ म्हणत आले होते.

पुढच्या दिवसांत हे रोजचं झालं. ऑफिस संपलं की टेबलावरचं कापड बाजूला व्हायचं आणि दोघं बसायचे. आप्पाजी नेहमी बरोबर असत असं मुळीच नाही. सॅक्सोफोनला ते नादस्वर म्हणायचे, ऑर्गनला पेटी. मर्लीन अ‍ॅशबी नावाच्या अमेरिकन गायिकेचा संथ सोल अल्बम लावला, तर तिसऱ्या गाण्यात ते बसल्या जागी झोपले. “आप्पाजी, डावीकडे काय?” असं विचारल्यावर दचकून म्हणाले, “शांत आहे, सरी.” सरी म्हणजे ठीक. ठीक कसलं, तिथे चांगले चार व्हायोलिन होते. मग मेघाश्री खुर्ची फिरवून बसायची, उजवा कान त्या बाजूला न्यायची आणि स्वतः खात्री करून घ्यायची. एका गाण्याला पूर्वी दोनदा ऐकणं पुरायचं, आता कितीतरी वेळा बसावं लागे. कानातली शिट्टी गोळ्यांमुळे झोपू देत नव्हती. कधीकधी ती इतकी चिडायची, की बटण बंद करून गच्चीवर जाऊन उभी राहायची. पण परत यायची.

अशातच चंदनचा अल्बम आला.

चंदन बेंगळुरूचाच, तिच्याहून बराच लहान. ‘तिंडी टाइम’ हा त्याचा आफ्रो-फंकचा बँड. तिंडी म्हणजे कानडीत नाश्ता. या पोरांनी आफ्रिकी ठेक्यात तमटे बसवलं होतं. तमटे म्हणजे आपल्या हलगीची कानडी बहीण. विस्तवावर शेकून ताणायची आणि दोन काठ्यांनी वाजवायची. ते वाजवायला चंदनचे मामा होते, अनिलकुमार. जत्रांमध्ये वाजवण्यात त्यांची हयात गेली होती, स्टुडिओत ते पहिल्यांदाच आले होते. शनिवारी अल्बम प्रसिद्ध व्हायचा होता, आणि त्या संध्याकाळच्या कार्यक्रमात बँडशी बोलण्याचं मेघाश्रीने कान जाण्याआधीच कबूल केलं होतं.

तिने मोनोवर ऐकला आणि तिला तमटे सापडेना. ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन यांच्या लाटेखाली ते बुडून गेलं होतं. आप्पाजींना स्पीकरपाशी बसवलं, तर ते म्हणाले, “वाजतंय की खणखणीत. डावीकडे.” शंतनुला फोन केला, तोही म्हणाला, “मला तर क्लिअर येतंय. मेघा, हे तुझं, म्हणजे… तुझ्या कानाचं असेल.”

असेल. हेच तर तिला ठरवायचं होतं. चूक कानाची की अल्बमची, हे कळल्याशिवाय ती बोलणार नव्हती. ती दोन दिवस विचार करत राहिली. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या हॉटेलात डोसा खाताना तिचं लक्ष गल्ल्यावरच्या स्पीकरकडे गेलं. एकच स्पीकर. तिने आजूबाजूला बघितलं. शेजारच्या टेबलावरचा मुलगा एकच इअरफोन घालून खात होता. बाहेर रिक्षात फोन वाजत होता. या गावात दोन्ही कानांनी गाणं ऐकतंय कोण?

ती तशीच चंदनच्या स्टुडिओत गेली. तो कानडीत बोलायचा, तीही.

“चंदन, तुमचं तमटे बुडतंय.”

चंदनने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “अक्का, राग मानू नका. तुमच्या कानाचं शंतनुने सांगितलं. आम्ही हे दोन कानांसाठी मिक्स केलंय.”

ते लागलं. लागणारच होतं. “बरोबर आहे तुझं,” ती म्हणाली. “म्हणून मी माझ्या कानावर विसंबून आलेले नाही. खाली चल. कॉफी पिऊ.”

खालच्या हॉटेलात तिने गल्ल्यावरच्या माणसाला विनंती करून तिथल्या एकुलत्या स्पीकरवर तिच्या फोनमधलं गाणं लावायला सांगितलं. ट्रम्पेट भिंतींवर आदळले. दोघंतिघं ठेका धरून मान हलवू लागले. चंदन कॉफीचा पेला हातात धरून ऐकत राहिला. गाणं अर्ध्यावर आलं, जिथे बाकी सगळे थांबतात आणि तमटे पुढे येतं असं त्याने ठरवलं होतं, तिथे लांबलेल्या ट्रॉम्बोनखाली नुसती खरखर ऐकू आली.

“मामा कुठे गेले?” तो स्वतःशीच म्हणाला.

“डावीकडे. पण इथे डावीकडे नाहीच.”

त्याने पेला ठेवला. चेहरा उतरला आणि मग कडक झाला. “आता काही होणार नाही. परवा रिलीज आहे.”

“अल्बम चांगला आहे, चंदन. तेही सांगेन. पण हे सांगणार.”

“सांगा,” तो म्हणाला आणि कॉफी तशीच टाकून जिना चढून गेला.

शनिवारी आपल्याला बोलावणं आहे की नाही, हे तिला कळेना. निरोप आला नव्हता, नकारही आला नव्हता. आप्पाजी म्हणाले, “नको जाऊस. गर्दीत तुला ऐकू येणार नाही, उगाच हसं होईल.”

“हसं झालं तर परत येईन. कबूल केलंय.”

ती लवकर पोचली आणि मंचावरची स्वतःची खुर्ची उचलून अगदी डाव्या टोकाला ठेवली, म्हणजे सगळे तिच्या उजवीकडे येतील. हॉल भरत गेला तसा आवाजाचा चिखल झाला. डावीकडून कुणीतरी तिच्याशी बोलत होतं हे तिला त्या माणसाने खांद्याला हात लावल्यावर कळलं. तिने सरळ सांगितलं, “या बाजूने मला ऐकू येत नाही. इकडे या.” पहिल्यांदा सांगताना जीभ अडली. तिसऱ्या माणसापर्यंत अडायची थांबली.

मागच्या अंगणात अनिलकुमारांनी कागद-काटक्या पेटवून तमटे शेकलं आणि बँड सुरू झाला. पहिल्याच गाण्यात त्यांनी दोन काठ्यांनी असा काही घाव घातला, की पुढच्या रांगेतली मुलं उठून उभी राहिली. ट्रम्पेट होते, ट्रॉम्बोन होता, पण सगळे तमट्याच्या पाठीमागे चालत होते. मेघाश्रीने पाय चपलेतून काढून लाकडी मंचावर टेकवले. ठेका तळव्यांतून गुडघ्यांपर्यंत चढला.

गाणं संपलं. तिच्या हातात माइक आला. टाळ्या थांबायची तिने वाट पाहिली.

“चंदन, हे आत्ता आम्ही ऐकलं, ते अल्बममध्ये का नाही?”

शंतनु तिसऱ्या रांगेत बसला होता. त्याने कपाळाला हात लावला. चंदन खाली बघत होता. उत्तर दिलं अनिलकुमारांनी, माइक नसताना.

“मला वाटलं, मीच हळू वाजवलं. घरी फोनवर ऐकलं, तर माझा आवाजच नाही. म्हटलं, स्टुडिओत हात बिचकला असेल.”

“नाही मामा,” चंदन म्हणाला. त्याने माइक घेतला. “तुम्ही नीट वाजवलंत. आम्हीच ते चांगल्या हेडफोनांवर ऐकलं आणि खूश झालो. मेघा अक्कांनी मला परवा सांगितलं. मी ऐकलं नाही.” तो लोकांकडे वळला. “तीन गाणी आम्ही पुन्हा मिक्स करतोय. आज जे आलंय ते तसंच राहील. दुरुस्त केलेलं लवकरच येईल.”

अनिलकुमारांनी तमटे उचललं. मेघाश्रीने त्यांच्याकडे बघितलं. ते हसले नव्हते, पण ताठ बसले होते.

पुढच्या आठवड्यात शेवटची चाचणी झाली. डॉक्टरबाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि तो न वाचताही मेघाश्रीला समजलं. “आता फार आशा धरू नका,” त्या म्हणाल्या. मेघाश्री बाहेर बाकावर बसली. तिथे तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. लोक येत-जात होते. मग तिने तोंड धुतलं आणि बस पकडून थेट इलेक्ट्रॉनिक सिटी गाठली.

“माइक लाव,” ती शंतनुला म्हणाली. त्याने लावला.

“नमस्कार, मी मेघाश्री. माझा डावा कान गेला आहे आणि तो परत येणार नाही. त्यामुळे या महिन्याचे अल्बम मी उजव्या कानाने, हातांनी आणि माझ्या वडिलांच्या मदतीने ऐकले आहेत. कुठे चुकलं तर सांगा.” मग ती म्हाताऱ्याबद्दल बोलली, त्याचे शब्द उचलणाऱ्या दोघींबद्दल आणि ते खाली ठेवणाऱ्या तिसरीबद्दल. अ‍ॅशबीच्या व्हायोलिनांबद्दल आणि घानाच्या बँडच्या गिटारींबद्दल बोलली. ‘तिंडी टाइम’बद्दल चांगलं आणि वाईट, दोन्ही बोलली. शेवटी फोनमधलं ते बटण कुठे असतं ते नीट सांगितलं आणि अडलं तर विचारायला स्वतःचा नंबरही दिला.

चुका निघाल्या. कोल्हापूरच्या एका श्रोत्याने कळवलं, की घानाच्या बँडमध्ये ती ज्याला गिटार म्हणाली ते तिथलं लाकडी पट्ट्यांचं वाद्य आहे. तिने ऐकून पाहिलं. तो बरोबर होता. तिने तसं जाहीर केलं.

एका रविवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे बाईचा आवाज.

“मी श्यामला बोलते, के. आर. पुरमहून. गालगुंड झालं होतं लहानपणी, तेव्हापासून माझा एक कान बंद आहे. तुम्ही सांगितलंत ते बटण दाबलं मी. मुलीचे हेडफोन मी एकदा लावले आणि ठेवून दिले होते. मला वाटायचं, गाणी अशीच असतात, मधूनमधून तुटलेली. परवा तो अ‍ॅशबीबाईंचा अल्बम पूर्ण ऐकला. अहो, केवढं असतं त्यात!”

“आवडला?”

“दोनदा ऐकला. आता पुढचं कोणतं ऐकू?”

मेघाश्रीने यादी चाळली. “बेनिन देशातला एक बँड आहे. त्यांचा आजच आलाय. मी अजून ऐकलेला नाही, म्हणजे कसा आहे ते सांगता येणार नाही.”

“मग एकदमच ऐकायचा का? तुम्ही तिकडे, मी इकडे?”

“चालेल. सापडला का? निळ्या चित्राचा.”

“सापडला. लावू?”

“लावा,” मेघाश्री म्हणाली, आणि तिनेही लावला.